थुंकी लावलेलं बोट

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक घरी आले तेव्हा मी मागे वळून बघितलं, हे कोणाला सांगतायत म्हणून. माझ्या मागे भिंत होती. मग कळलं, मलाच. मी चौथी पास. पाचवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा पाचवीनेच मला उठवलं. त्यामुळे मी बोलतोय आणि आमची शालन लिहितेय. ती दहावी झालेली आहे, आणि लग्न झाल्यापासून हे तिने मला विसरू दिलेलं नाही. मी फेकायला लागलो की ती पेन खाली ठेवते. आत्तापर्यंत दोनदा ठेवलंय, आणि विषय अजून सुरू व्हायचाय.

मी बबन. घाटकोपरच्या डोंगरावर राहतो. अंधेरीच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं भांडी धुतली. लोकांना मी 'रिसर्चमध्ये आहे' असं सांगायचो. ते काय खोटं नव्हतं. रिसर्च टेबलावर चालायचा, मी बेसिनला असायचो, मधे फक्त एक पडदा. शेजारचे लोक आपले रिपोर्ट मला दाखवायला यायचे. एकदा एकाचा कागद मी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हटलं, "शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे." तो कागद लाईट बिलाचा होता.

तर अशा माणसाने एका हुशार मुलीचं सगळं काम कसं मातीत घालत आणलं होतं, आणि तिने त्याचं काय केलं, हे मला सांगायचंय. ती आज मला भेटली तरी 'काका' म्हणते. मला अजून कळत नाही का.

आधी माझं काम सांगतो. लॅबमध्ये सगळं थेंब-थेंब मोजून चालतं. तो थेंब उचलायला एक बंदुकीसारखं यंत्र असतं आणि त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण लावतात. ड्रॉपरचं टोक कापून घ्यावं तसं. त्याला टिप म्हणतात. एक थेंब उचलला की टिप फेकायची, नवी लावायची. एका मॅडमला दिवसाला किती लागतात विचारू नका. या टिपा सुट्या येतात, पिशवीत, कुरमुऱ्यांसारख्या. त्या एकेक करून भोकांच्या डब्यात उभ्या करायच्या. एका डब्यात शहाण्णव भोकं. डबा भरला की पातळ पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या कुकरमध्ये, उकडायला टाकायचा. सगळे जंतू खलास.

टिपा भरण्यात माझा हात कोणी धरला नाही. मुठीत वीस टिपा घ्यायच्या आणि अंगठ्याने एकेक सोडायची. टक टक टक टक. नवीन आलेले डॉक्टरलोक बघत उभे राहायचे. मला वाटायचं, आपल्यासाठी एखादं बक्षीस असायला पाहिजे होतं.

अस्मिता मॅडम कोरोनाच्या थोडं आधी आमच्याकडे आल्या. त्यापण घाटकोपरच्याच, आमच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. वडील त्यांचे मराठवाड्यातून आलेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "काका, तुम्ही भटवाडीकडून चढता का? मग आपण शेजारीच की!" त्या दिवसापासून मी शेजाऱ्यासारखाच वागलो, म्हणजे नको तिथे तोंड घातलं.

त्यांची धाकटी बहीण सुजाता कधी कधी त्यांना घ्यायला यायची. डिसेंबर महिना, आणि हिच्या हातात छत्री. वर पूर्ण बाह्या, ओढणी तोंडाला. मी आपला गेटवरच, सगळ्यांसमोर, मोठ्याने, "काय गं, पाऊस इकडे सोडून गेला का तुझ्याकडे राहायला? की गोरी व्हायचंय?"

वॉचमन हसला. मी पण हसलो. सुजातापण हसली, मग म्हणाली, "काका, मला ऊन लागलं ना, की अंग स्वतःशीच भांडायला लागतं. मग आठवडाभर सांधे धरून बसते."

मला वाटलं थट्टा करतेय. आत जाऊन मॅडमना सांगितलं, तुमची बहीण लई भारी बोलते. मॅडम हातातलं काम ठेवून म्हणाल्या, "ती खरं बोलली, काका. तिला ल्युपस आहे. मी इथे जे करते ते तेच आहे."

त्या दिवसापासून छत्री पाहिली की मला लपावंसं वाटायला लागलं. पण मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं. मला कळेल असं, म्हणजे सोसायटीच्या भाषेत.

"आपल्या अंगातली एकेक पेशी म्हणजे एकेक बिल्डिंग," त्या म्हणाल्या. "बिल्डिंगच्या आत, ऑफिसात, कपाटात कागद असतात, काय काय बनवायचं ते लिहिलेले. डीएनए. त्यावरून उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. आता व्हायरस म्हणजे काय? पाकिटात घातलेली परकी चिठ्ठी. दुसरं काहीच नाही त्याच्याकडे. ती आत शिरली की बिल्डिंग आपलं काम सोडून त्याचं काम करायला लागते."

"मग वॉचमन काय झोपलेला असतो?"

"नाही ना! तेच तर सांगतेय. वॉचमन माणूस बघत नाही, चिठ्ठी बघतो. परक्या पद्धतीची चिठ्ठी दिसली, किंवा कपाटातला कागद जिन्यात पडलेला दिसला, की तो ओरडतो. आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगी दारं लावून घेतात. ताप येतो, अंग दुखतं, ती हीच बोंबाबोंब."

"झकास की!"

"झकास. पण सुजाताच्या अंगात काय होतं, मेलेल्या पेशींचा कचरा पटकन उचलला जात नाही. त्यात आपलेच कागद असतात, आपल्याच चिठ्ठ्या. वॉचमनला वाटतं, चोर. आणि तो घरच्यांनाच बडवायला लागतो."

सुजाता एक गोळी घेते. ती मूळची मलेरियाची जुनी गोळी. ती काय करते, तर जिथे हा कचरा तपासायला येतो तिथल्या वॉचमनच्या कानात जरा बोळे घालते. बरं वाटतं, पण सगळ्यांना पुरत नाही, आणि डोळे तपासत राहावे लागतात. मॅडमना याच्यापेक्षा चांगलं, नेमक्या त्याच वॉचमनला गप्प करणारं औषध पाहिजे होतं. बहिणीसाठीच, असं त्या कधी बोलल्या नाहीत. पण मला काय तेवढंपण कळत नाही का?

आता गप्प करायचं औषध तपासायचं तर आधी कोणीतरी ओरडायला पाहिजे ना. म्हणून मॅडम बशीतल्या पेशींना मुद्दाम आरएनएची चिठ्ठी द्यायच्या. या पेशी अशा खास बनवलेल्या, की त्या ओरडल्या की त्यांच्यावर घातलेलं गुलाबी पाणी निळं होतं. निळं म्हणजे ओरडल्या, गुलाबी म्हणजे गप्प. मग त्याच बशीतल्या दुसऱ्या खणात चिठ्ठी अधिक औषध. तिथे पाणी गुलाबी राहिलं, तर औषधाने गप्प केलं.

कोरोनाच्या दिवसांत आम्हाला पास होते, आम्ही यायचो. सगळं काम मास्क आणि ग्लोव्हज घालून. मॅडमच्या बश्या तेव्हाच सुरू झाल्या, आणि त्या बघायच्या होत्या, जांभळट निळ्या, गणपतीच्या मखरासारख्या. आणि औषधाच्या खणात गुलाबी. मॅडम दोन्ही हातांनी बशी धरून आम्हाला दाखवायच्या. मोठ्या सरांनी त्यांना वेगळं टेबल दिलं.

त्याच दिवसांत लस आली आणि आमच्या डोंगरावर मी मोठा माणूस झालो. मॅडमनी मला सांगितलं होतं, काही लशींत चिठ्ठीच टोचतात, पण तिची अक्षरं थोडी बदलून, म्हणजे वॉचमन फार आरडाओरडा न करता ती आत वाचू देतो. आणि दुसऱ्या काही लशींत उलट, वॉचमनला जागं करायला एक छोटी चिठ्ठी मुद्दाम मिसळतात. मी नळावर उभं राहून हे भाषण दिलं. शेवटी एका म्हातारीने विचारलं, "बबन, मग तू घेतलीस का?" मी सुईला घाबरून तोपर्यंत घेतली नव्हती. शालनने मला बखोट धरून नेलं. हे वाक्य तिने आपणहून लिहिलंय.

कोरोना गेला. मास्क गेले. लॅबमध्ये सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला, मी सगळ्यात जास्त. ग्लोव्हजपण काढले, कारण ग्लोव्हज घातले की माझ्या टिपा टक टक सुटत नाहीत, चिकटतात. बेसिनला ग्लोव्हज घालायला कोणी सांगितलंही नव्हतं. माझा जुना वेग परत आला.

आणि मॅडमच्या बश्या गुलाबी यायला लागल्या.

एक दिवस, दोन दिवस, महिना. चिठ्ठी दिली तरी पेशी गप्प. पहिल्या वेळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, "वा मॅडम, काय गोड रंग आलाय!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी न सांगता जाऊन बाथरूम धुतली.

त्यांनी पाणी बदललं. पेशी बदलल्या, नवीन मागवल्या. चिठ्ठी नवीन बनवली. मशीनवाला येऊन मशीन उघडून गेला. प्रत्येक वेळी बशी गुलाबी. त्यांचा जेवणाचा डबा दुपारी उघडलाच जाईना. मी माझ्या परीने मदत केली. पेशी ज्या गरम कपाटात ठेवतात, त्याच्या मागे कोणाला न विचारता लिंबू-मिरची बांधली. आठ दिवसांनी लिंबाला बुरशी आली आणि कपाट रिकामं करून धुवावं लागलं. मॅडमचे आणखी पंधरा दिवस गेले. कोणी बांधलं असं सरांनी विचारल्यावर मी सगळ्यात जोरात म्हटलं, "हा कसला अडाणीपणा!"

मोठ्या सरांनी शेवटी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत पेशी ओरडल्या नाहीत तर हे काम बंद, टेबल दुसऱ्याला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी आणि शालन मॉलमध्ये गेलो. तिथे भाजीजवळ त्या रोलवरच्या पिशव्या असतात ना, ज्यांचं तोंड कुठल्या बाजूला ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. मी आपला सवयीने बोट जिभेला लावलं आणि फर्रकन पिशवी उघडली.

"शी! थुकी कित्याक लावतास?" शालन ओरडली. आम्ही मूळचे मालवणकडचे, रागावली की ती गावच्या भाषेत जाते. "करोनात बरी सुटलली ती खोड! तोंडार मास्क होतो म्हणान. मास्क गेलो आणि परत सुरू झाला तुमचा!"

मी पिशवी धरून तिथेच उभा राहिलो. शालन कांदे घेऊन आली, बटाटे घेऊन आली, मी तिथेच.

कारण मला माझीच दोन बोटं दिसत होती. डबे भरायच्या पातळ पिशव्या अशाच चिकटलेल्या असतात. मी बोट जिभेला लावून उघडतो. एक उघडली की तोच हात टिपांत. मुठीत वीस टिपा. परत पिशवी, परत जीभ, परत टिपा. मास्क होता तेव्हा जीभ आत होती. आणि निळं होतं तेव्हा मास्क होता.

थुंकीने काय होतं ते मला माहीत नव्हतं. पण दोन गोष्टी एकाच दिवसापासून बिघडल्या तर नळावरचं पोरपण विचारतं की बाबा, याचा त्याच्याशी संबंध काय.

घरी येऊन शालनला सांगितलं. ती म्हणाली, "उद्यापासून गपचूप मास्क लावा. कोणाक कळाचा नाय." खरं सांगतो, मीपण तेच ठरवलं होतं. सोमवारी मास्क लावून गेलो, ग्लोव्हज घातले, कासवासारखे डबे भरले. पण कपाट उघडलं तर आधीचे भरलेले डबे रांगेत उभे. माझ्या वेगाने भरलेले. ते संपायला दिवाळी काय, तुळशीचं लग्न झालं असतं. मी कपाट बंद केलं, आणि सोमवार तसाच गेला. मंगळवारपण गेला. ते दोन दिवस मी एकही जोक केला नाही. लोकांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे का?

बुधवारी चहा द्यायला गेलो तर मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

"सरांना मेल लिहितेय, काका," त्या म्हणाल्या. "आधीचे आकडे माझ्याकडूनच चुकले असणार. ते निळं खरं नव्हतं असं लिहून देते. आपण चुकलो तर आपणच सांगावं."

त्या बोलत होत्या शांत, पण की-बोर्डवर हात नुसतेच ठेवलेले.

मी म्हटलं, "मॅडम, नका पाठवू. निळं खरं होतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता."

त्यांना काहीच कळलं नाही. कसं कळणार? मग मी कोपऱ्यातून एक पातळ पिशवी आणली, मास्क खाली केला, बोट जिभेला लावलं आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडली. फर्रकन. नंतर त्याच हाताने टेबलावरच्या टिपांची मूठ भरली. टक टक टक टक. आयुष्यात एवढं हळू मी कधी भरलं नव्हतं, तरी ते चारच टक मला शंभर वाटले.

मॅडम बघत राहिल्या. मग खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवरच बसल्या, पाय पसरून. मला वाटलं चक्कर आली. पाणी द्यायला धावलो तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत.

"काका! तुमची थुंकी!"

"होय मॅडम. उद्यापासून येत नाही मी. पण ते मेल..."

"गप्प बसा हो! थुंकीत आरएनए खाणारा पदार्थ असतो. हाताच्या घामातपण. आणि तो उकडून मरत नाही, कुकरमधून काढला तरी तसाच! माझी चिठ्ठी टिपेतच फाटत होती. पेशींपर्यंत पोचलीच नाही, तर त्या ओरडणार कशावर? बाकी कोणी इथे आरएनए वापरत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही." मग थांबून म्हणाल्या, "खरं म्हणजे तुमची थुंकी तिचं कामच करत होती. तीपण वॉचमनच आहे. गेटवरच परकी चिठ्ठी फाडते."

"आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी काम चोख केलं म्हणायचं," मी म्हटलं. मग जीभ चावली.

पण त्या आता माझं ऐकतच नव्हत्या. उठल्या, मेल बंद केलं, आणि म्हणाल्या, "एक डबा भरा. अगदी आत्ता केलंत तसा. थुंकी लावून."

"मॅडम, लाजवू नका."

"लाजवत नाहीये. नुसतं मला वाटून चालत नाही, दाखवावं लागतं. आणि दुसरा डबा नवीन पिशवीतून, मास्क-ग्लोव्हज घालून."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला रिसर्चचं काम मिळालं, आणि ते थुंकायचं होतं. मी इतका घाबरलो होतो की तोंडाला कोरड पडलेली, थुंकीच येईना. मॅडमनी चिंचेची गोळी दिली. दोन डबे भरले, दोन्ही एकत्र उकडले. एकावर त्यांनी पेनने 'अ' लिहिलं, एकावर 'ब'. माझं नाव कशावरच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनला उभा राहून एकच बाटली धूत होतो. पडद्यामागून मॅडमचा आवाज आला, "काका, या."

बशी एकच. अर्धी 'अ'च्या टिपांनी केलेली, ती गुलाबी, आमच्या शालनच्या लग्नातल्या शालूसारखी. आणि अर्धी निळी. जांभळट, गडद निळी.

"ओरडल्या," मॅडम म्हणाल्या. आणि दोन्ही हातांनी बशी माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "ओरडू देत, मॅडम. मनसोक्त ओरडू देत."

कपाटातले सगळे जुने डबे मी स्वतः कचऱ्यात ओतले. मोठ्या सरांना द्यायच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. त्यात होतं की डबे उघड्या हातांनी भरले जात होते, ती पद्धत आता बदलली आहे. मी मॅडमकडे गेलो. "माझं नाव राहिलं."

"नाव कशाला? तुम्हाला हे कधी कोणी शिकवलं होतं का?"

"नाही. पण मीपण कधी विचारलं नाही."

"तर मग दोघांचं फिटलं," त्या म्हणाल्या. "मी माझी चिठ्ठी तपासली, पाणी तपासलं, मशीन तपासलं. पडद्यापलीकडे बघितलंच नाही. ती माझी चूक. आता नवीन कोणी आलं की आधी तुमच्याकडे पाठवणार. तुम्ही शिकवायचं, का ते पण सांगायचं."

आणि खरंच पाठवायला लागल्या. पीएचडी करायला आलेली मुलं पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहायची आणि मी, चौथी पास, विचारायचो, "बोट जिभेला लावता का?" सगळी नाही म्हणायची. मग मी प्रत्येकाच्या हातात एक चिकटलेली पिशवी द्यायचो आणि बघत राहायचो. बोट अर्ध्या वाटेवर पोचलं की मी म्हणायचो, "हां! तिथेच थांब, बाळा. मी पण तिथूनच सुरुवात केली."

औषध अजून बाजारात आलेलं नाही. मॅडम म्हणतात, हे असं पटकन होत नाही, आणि शेवटी होईलच असंपण नाही. मधल्या काळात सुजाता एकदा महिनाभर दवाखान्यात होती. मी भेटायला गेलो तेव्हा गेटवरच्या त्या थट्टेबद्दल माफी मागायची होती. ती म्हणाली, "काका, ते सोडा. तुम्ही ताईला ते मेल पाठवू दिलं नाहीत ना, ते मला माहीत आहे." मी काही बोललो नाही. शालन म्हणते, तेवढाच एक प्रसंग.

मी रिटायर झालो तेव्हा सुजाता आली होती, स्वतःच्या पायाने, छत्री घेऊन. आल्या आल्या मला ओरडली, "काय काका, आज डोक्यावर छत्री नाही? गोरं नाही का व्हायचं?" सगळे हसले. माझं देणं मला चारचौघांत परत मिळालं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आताही मी शालनबरोबर मॉलला जातो. भाजीजवळ ती रोलवरची पिशवी घेतो आणि दोन्ही हातांनी चोळत उभा राहतो. तोंड सापडत नाही. या कोपऱ्यात चोळतो, त्या कोपऱ्यात चोळतो. मागे रांग लागते. कोणी म्हणतं, "ओ काका, उघडता येत नसेल तर बाजूला व्हा ना!" कोणी म्हणतं, "अहो, थुंकी लावा जरा!" शालन दूर जाऊन उभी राहते, जसं काय आमची ओळखच नाही.

मी ओठ घट्ट मिटून चोळत राहतो. ओरडतायत ना? ओरडू देत.